एका पिस्तूल-सूचीचे परीक्षण

एका संग्राहक स्नेह्यांनी आपल्या संग्रहातील जुन्या खिशातील पिस्तुलांची हस्तलिखित सूची आमच्याकडे अभिप्रायार्थ धाडली. आमचे आयुष्य पोथ्यांत गेले. तथापि सूची वाचताना ध्यानी आले की, पोथीच्या परीक्षेचे नियम येथेही जसेच्या तसे लागू पडतात, आणि पोथ्यांच्या संग्राहकांकडून घडणारे प्रमादही येथे घडले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गुण सांगू. सूचीकारांनी प्रत्येक नगाची लांबी मोजून दिली आहे, क्रमांक उतरून घेतले आहेत, मुद्रा नोंदल्या आहेत. बेल्जममधील एर्स्ताल येथील फाब्रिक नासिओनाल या कारखान्याच्या 1906 च्या लहान पिस्तुलाची नोंद तर आदर्श म्हणावी अशी आहे. लांबी सुमारे साडेचार इंच, नळीचा व्यास 6.35 मिलिमीटर, खोक्यात सहा काडतुसे. शिवाय लिएज येथील चाचणीगृहाची, मुकुटाखाली ई एल जी ही अक्षरे असलेली लंबवर्तुळ मुद्रा. पोथीच्या शेवटी लेखकाने लिहिलेली पुष्पिका जे काम करते, तेच काम येथे ही मुद्रा व क्रमांक करतात.

आता दोष. एका पिस्तुलापुढे ‘नाशिक, 1909’ एवढेच लिहिले असून आधार म्हणून विकणाऱ्याच्या घराण्यातील सांगी दिली आहे. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुले धाडली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांस ठार केले. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. या प्रसंगाशी जोडलेली वस्तू कोणास नको असेल? परंतु सूचीकार त्याच पिस्तुलाच्या वर्णनात लिहितात की, त्याची स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली आहे. येथेच दावा कोसळतो. त्या कारखान्याच्या 1900 च्या नमुन्यात स्प्रिंग नळीच्या वर असते, 1906 च्या नमुन्यात नळीच्या खाली, आणि नळीभोवती असते ती 1910 च्या नमुन्यात. 1909 च्या पेटीत 1910 चा नमुना कोठून येणार? शिवाजीमहाराजांच्या पत्रावर कंपनी सरकारचा शिक्का आढळावा, तसा हा प्रकार आहे.

घोटाळ्याचे मूळ ‘ब्राउनिंग’ या शब्दात आहे. जॉन ब्राउनिंग हे रचनाकाराचे नाव होय. त्यांच्या रचना फाब्रिक नासिओनालने केल्या तशा अमेरिकेत कोल्टनेही केल्या. पुढे फ्रेंच व रशियन भाषांत तर ब्राउनिंग म्हणजे पिस्तूल असा सामान्य अर्थ रूढ झाला. ‘गीता’ एवढे म्हटल्याने भगवद्गीता की गणेशगीता हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे.

हा प्रमाद केवळ आमच्याकडचा नव्हे. 28 जून 1914 रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांस मारले, ते 1900 च्या नमुन्याच्या 7.65 मिलिमीटर पिस्तुलाने, असे ग्रंथामागून ग्रंथ सांगत आले. वास्तविक कटवाल्यांची चारही पिस्तुले 1910 च्या नमुन्याची, आखूड 9 मिलिमीटर काडतुसाची होती. क्रमांक 19074, 19075, 19120 व 19126. त्यांपैकी प्रिन्सिपचे मानले जाणारे पिस्तूल ऑस्ट्रियातील जेझुइट पाद्र्यांकडे दीर्घकाळ राहून 2004 मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात गेले. एका अशुद्ध प्रतीवरून शंभर प्रती झाल्या तरी साक्षी एकच. त्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात.

दुसरा दोष याहून गंभीर. सूचीकार अभिमानाने लिहितात की, तीन पिस्तुले घासून त्यांस नवा निळा रंग चढविला. त्यांतील दोहोंचे क्रमांक आता वाचवत नाहीत! पोथीच्या मूळ पाठावर हरताळ फासून वर सुंदर अक्षर काढावे, त्यातला हा मासला. गंज थांबवावा, तेल द्यावे. याहून अधिक हात लावू नये.

एक सूचनाही करणे अवश्य आहे. वस्तू शंभर वर्षांची झाली म्हणजे परवाना नको, असा समज या सूचीत डोकावतो. 1959 च्या शस्त्र कायद्यातील सवलत पुराणवस्तुमूल्य असलेल्या शस्त्रास आहे खरी, परंतु ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये अशी अट आहे. चालते पिस्तूल कितीही जुने असो, ते शस्त्रच.

असो. आमच्या स्नेह्यांनी ‘नाशिक, 1909’ ही अक्षरे स्वहस्ते खोडावीत आणि ‘1910 चा नमुना, विकणाऱ्याची सांगी अग्राह्य’ असे तेथे लिहावे. पिस्तुलाची किंमत त्याने घटेल, पण सूचीची वाढेल. ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या नावावर खोटी वस्तू खपविणे हा त्यांचा गौरव नव्हे.