पानाच्या चकतीवरचा कोळी आणि शेतातलं वांगं

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, लाल कोळ्यावरचे पेपर वाचायला घेतले की एक साचा वारंवार भेटतो. पिकाचे पाच-सहा वाण घ्यायचे, पानांच्या चकत्या ओल्या कापसावर ठेवायच्या, प्रत्येकीवर एक मादी सोडायची, रोज अंडी मोजायची आणि शेवटी जाहीर करायचं की अमुक वाण प्रतिकारक आहे. मोजमाप बऱ्याचदा चोख असतं. माझी हरकत त्या ‘प्रतिकारक’ शब्दाला आहे.

आधी या पद्धतीचं बळ बघू. दोन ठिपक्यांचा कोळी, म्हणजे टेट्रॅनिकस अर्टिकी, उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो. त्यामुळे छोटा फरकही मोठा ठरतो. समजा, एका वाणावर वाढीचा दर दिवसाला ०.२५ आहे आणि दुसऱ्यावर ०.२०. वीस दिवसांत पहिल्यावर एकाचे साधारण १४८ होतील, दुसऱ्यावर ५५. नुसती अंडी मोजून हे कळत नाही. पिल्लं किती जगली, मादी कितव्या दिवशी अंडी घालू लागली, हेही हिशोबात धरावं लागतं. एल. सी. बर्च यांनी १९४८ साली कीटकांसाठी हा हिशोब मांडला. तो वापरणारा पेपर नुसती सरासरी देणाऱ्यापेक्षा नक्कीच सरस.

आता अडचण. रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या पुस्तकात प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले: किडीला झाड नकोसं वाटणं, झाडावर किडीची वाढ खुंटणं आणि कीड असूनही झाडानं तग धरणं. चकतीवरच्या मादीला दुसरं झाड निवडायची सोयच नसते. आणि तोडलेल्या पानावरून उत्पादन किती टिकलं हे कसं कळणार? म्हणजे तीनपैकी एकच प्रकार तपासलाय आणि निष्कर्ष मात्र तिन्हींचा काढलाय.

दुसरी गोष्ट रेप्लिकेशनची. एकाच झाडाच्या पन्नास चकत्या म्हणजे पन्नास झाडं नव्हेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच या खोट्या रेप्लिकेशनवर बोट ठेवलं होतं. तिसरी, कोळी आधी कशावर वाढवले होते? फ्रेड गूल्ड यांनी १९७९ मध्ये दाखवलं की पिढ्या जातात तसा हा कोळी प्रतिकारक काकडीशीही जुळवून घेतो. एका पिढीचा निकाल कायमचा धरता येत नाही.

आणि शेत? कासुर्डीच्या शिवारात कुणी मांजरी गोटा वांगं लावलंय असं धरा. रस्त्याकडेच्या ओळींवर धूळ बसते आणि धुळकट पानांवर कोळी फोफावतो. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पायरेथ्रॉइड फवारलं, तर कोळी खाणारे शिकारी कोळीच आधी मरतात. पानावरची लव किडीला नडते, पण शिकारी कोळ्यालाही नडू शकते. वाण तोच, निकाल वेगळा. शेतकरी रोपं हंगामात एकदाच निवडतो. ‘प्रतिकारक’ या शब्दावर विसंबून त्यानं पानं उलटी करून बघणं सोडलं, तर नुकसान त्याचं होतं, पेपर लिहिणाऱ्याचं नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की आधी पद्धतीचा भाग वाचा. झाडं किती, कोळी कुठले, अख्ख्या झाडावर आणि शेतात तपासलं का? उत्तर नसेल तर ‘तोडलेल्या पानावर वाढ मंदावली’ एवढंच मान्य करा. हे वाक्यही उपयोगाचं आहे. पुढच्या शेतचाचणीसाठी कुठले वाण निवडायचे, ते त्यातून ठरतं.