बोलपटातली बोली

नव्या मराठी चित्रपटांविषयी आपल्या मंडळींत एक मत जवळजवळ ठरून गेले आहे. विषय चांगले असतात, छायाचित्रण देखणे असते, नवी मुले कॅमेऱ्यापुढे सहज वावरतात. भाषा मात्र ऐकवत नाही. 'प्रभात'च्या काळी मराठी कशी स्वच्छ आणि ठसठशीत होती, असे म्हणून पुढे एक उसासा टाकला जातो. आम्ही चित्रपटाचे अभ्यासक नव्हेत. जुना चित्रपट हाती लागला तर तो, आणि नवा आपल्या गावी आठवडाभर टिकला तर तो, असे सवडीने पाहणारे आम्ही. तरीही हा उसासा आम्हांस मान्य नाही.

ज्या चित्रपटाचा दाखला हटकून दिला जातो, तोच आधी घेऊ. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. त्यांच्या मुद्रेवरची तल्लीनता आणि गळ्यातला आर्जवी गोडवा यांची आठवण आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर जपली. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर अनेकांना तुकोबांचा मूळ अभंगच वाटत आले. हे सारे खरे. पण आज तो चित्रपट पाहावा, तर कानात उरतो तो जिजाईचा आवाज. ती भूमिका करणारी गौरी नाटकमंडळीत घडलेली नव्हती. 'प्रभात'मध्ये किरकोळ कामे करीत ती इथवर पोहोचली. तिच्या बोलण्यात ना सुराची मोहिनी, ना उच्चारांची सफाई. म्हशीची काळजी, पोरांची भूक आणि देवाच्या नादी लागलेला नवरा यांतून तो आवाज चिरकत, फणकारत वर येतो. आजारी पोराला ओढत आणि हातात पायताण घेऊन ती देवळात विठोबाला जाब विचारायला जाते, तेव्हा भक्तिपटाच्या ऐन गाभाऱ्यात एक बाई आपल्या चुलीच्या भाषेत देवाशी भांडत असते. अखेरीस वैकुंठाचे निमंत्रणही ती संसाराच्या कामापायी बाजूला सारते. पागनीसांचा तुकाराम आपल्याला हात जोडायला लावतो. त्या तुकारामाला जमिनीवर ठेवते ती मात्र जिजाई.

त्याच चित्रपटात शुद्ध भाषा कोण बोलतो, याकडेही लक्ष द्यावे. सालोमालो आणि रामेश्वरशास्त्री! धर्माचे गूढ प्राकृतात सांगितले, हाच तर तुकोबांवरचा आरोप. त्यापायीच वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आली. भाषेच्या सोवळ्याविरुद्धची ती कहाणी पाहून आपण डोळे पुसायचे, आणि बाहेर आल्यावर नव्या चित्रपटातल्या मुलांची मराठी गावंढळ म्हणून नाक मुरडायचे, याचा मेळ आम्हांस तरी घालता येत नाही.

शुद्ध मराठीतला जुना चित्रपट हलका असतो, असे आम्ही म्हणत नाही. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. त्यातील भाषा घरगुती आणि निर्मळ आहे, आणि आजही ती पोटात शिरते. परंतु ती कोकणातली आई साकारणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जण आठवणीने सांगतात? साने गुरुजींच्या आईला अवघ्या महाराष्ट्राने जो आवाज दिला, तो महाराष्ट्राबाहेर वाढलेला होता. त्यास कोणी परका म्हटले नाही. कारण लोकांनी त्यातली माया ऐकली. उच्चाराचे गाव कोणी विचारले नाही.

आता नव्यांकडे वळू. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ सालचा. हे नावच कैकाडी भाषेतले. त्याचा अर्थ डुक्कर. ज्या शब्दाला प्रमाण मराठीच्या दारात उभे राहायलाही जागा नव्हती, तो शब्द थेट शीर्षकात येऊन बसला. या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

पुढच्याच वर्षीचा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मात्र आपल्यासारख्यांनी मुद्दाम पाहावा. एका वृद्ध लोकशाहिरावर चाललेल्या खटल्याची ही गोष्ट. ती मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांतून पुढे सरकते, आणि त्यांतली कोणतीही भाषा प्रेक्षकासाठी धुऊन-पुसून घेतलेली नाही. कायद्याची कलमे एकसुरी आवाजात वाचणारी सरकारी वकील घरी परतताना आपल्या-तुपल्यासारख्या गप्पा मारते आणि स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी सहज उभी केली आहे की तिचा राग येत नाही. यायला हवा असे मागाहून वाटते. सुटीच्या दिवशी ती कुटुंबासह एका मराठी नाटकाला जाते. परप्रांतीयाला हुसकावून लावण्याभोवती रचलेले ते नाटक. प्रेक्षागृह हशा आणि टाळ्यांनी दणाणून जाते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला हा प्रसंग कदाचित नुसता बोचत असेल. बडोद्यात, इंदुरात वा बेळगावात तो पाहताना आपण कोणत्या खुर्चीत बसावे, हेच कळेनासे होते. टाळी वाजवणाऱ्यांची भाषा आपली, पण चार-पाच पिढ्या दुसऱ्यांच्या मुलखात नांदल्यानंतर बाहेरून आलेल्याची जागाही आपलीच. मराठी चित्रपटाने नकळत का होईना, आपल्याला असे पेचात पकडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आणि आपण स्वतः कोणती मराठी बोलतो? इंदूरकर 'करून राहिलो आहे' म्हणतात. बडोद्याच्या घरांत गुजराती शब्द कधी शिरले ते कोणाला आठवत नाही. बेळगावच्या बोलण्याला कानडी हेल आहे, हैदराबादच्या बोलण्याला दखनीची लय. पुण्याच्या लग्नघरी आपल्यापैकी कोणाचे बोलणे ऐकून ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटले नसेल? असे असता करमाळ्याकडच्या मुलीच्या बोलीला आपण हसावे, हे जरा मौजेचे आहे.

ती मुलगी म्हणजे अर्थात 'सैराट'मधली (२०१६) आर्ची. या चित्रपटाचे वारेमाप कौतुक झाले तेव्हा आम्ही थोडे बाजूला उभे होतो, आणि आजही त्याचा पूर्वार्ध आम्हांस लांबलेला वाटतो. विहिरीतल्या उड्या, संथ गतीतली धावाधाव आणि अजय-अतुल यांचा भव्य वाद्यमेळ यांत दिग्दर्शक स्वतःच रमून गेला आहे. 'सैराट'नंतर बोलीचे जे पेव फुटले तेही फारसे चांगले नाही. शहरी नटीने वाक्याच्या शेवटी एखादा गावरान हेल चिकटवला की ग्रामीण भूमिका झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो. ती बोली नव्हे, तो पोशाख. रिंकू राजगुरूची बोली मात्र तिच्या अंगचीच आहे. बुलेटवर आणि ट्रॅक्टरवर बसणारी पाटलाची ही लेक मराठीत सांगून कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे समोरच्याला दरडावते, तेव्हा सारे थिएटर हसते. हे दरडावणे जातीच्या आणि वाड्याच्या जोरावरचे आहे, हे त्या हशात विसरायला होते.

मग ती परश्याबरोबर पळून हैदराबादला येते आणि तिची ती बोलती भाषा एकाएकी गळून पडते. आजूबाजूला सगळी तेलुगू. दरडावण्यासाठी वाडा नाही आणि विनवण्यासाठी शब्द नाहीत. दोन भाषांत धमकावणारी पोर एका खोपटात मुकी होऊन रडते. उत्तरार्धाची ही सुरुवात संथ आणि रुक्ष आहे अशी तक्रार आम्ही ऐकली. आम्हांस चित्रपटाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. पुढे ती कारखान्यात कामाला लागते, सोबतच्या बायकांकडून तेलुगू उचलते, घराला फोन करते, आणि त्या नव्या भाषेबरोबर तिचा जुना आवाजही थोडाथोडा परततो. आता त्यात दरडावणी नसते. शेवटी दिग्दर्शकाने सारा आवाज काढून घेतला आणि प्रेक्षकाला त्या लहान मुलासोबत निःशब्द सोडले. तो शेवट इतका असह्य होतो, तो या परतलेल्या आवाजाची आपल्याला तोवर सवय झालेली असते म्हणून.

राहिली ती सुमनअक्का. छाया कदम यांनी केलेली ही हैदराबादच्या वस्तीतली बाई गुंडांच्या तावडीतून या दोघांना सोडवते, राहायला खोपट देते आणि परश्याला आपल्या डोशाच्या गाडीवर कामाला लावते. महाराष्ट्र मागे टाकून दुसऱ्या मुलखात रुजलेली मराठी आम्ही पडद्यावर ऐकली ती तिच्या तोंडी. हैदराबादेतल्या मराठी घरांचा इतिहास आपण सांगतो तो देवडीचा, वकिलीचा, शाळा-ग्रंथालयांचा आणि साहित्य परिषदेचा. अक्काची गाडी त्यात कोठे लावायची, हे अजून कोणी ठरवलेले नाही.