सम्राटाचा शिक्का आणि चित्रातली रिकामी जागा

राजाश्रयामुळे कला बहरली, असे आपण सहज लिहून जातो. आश्रय देणारा हात कलाकृतीवर नेमके काय करतो, हे पाहायचे मात्र राहते. चिनी चित्रकलेत ते डोळ्यांना दिसते. तेथे संग्राहक आपला तांबडा शिक्का चित्रावरच उमटवतो आणि जागा सापडेल तिथे चार ओळी लिहितो. चिनी निसर्गचित्रात ही रिकामी जागा म्हणजे धुके, पाणी, आकाश असते. ती चित्राचाच भाग.

चिंग घराण्याचा सम्राट छ्यानलोंग याला या लेखनाचा विलक्षण सोस. १७४५ साली ह्वांग गोंगवांगचे ‘फुचुन पर्वतातील वास्तव्य’ म्हणून एक गुंडाळीचित्र त्याच्या संग्रहात आले. त्यावर तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला. पन्नासांहून अधिक वेळा! धुक्याला जागाच उरली नाही. पुढच्याच वर्षी तसेच दुसरे चित्र आले. सम्राटाने ते नक्कल ठरवले, तरीही विकत घेतले आणि आपला निर्वाळा ल्यांग शिचंग या दरबारी पंडिताकडून त्यावर लिहवून घेतला.

अस्सल होते ते हे दुसरे.

चूक जाणकारांचीही होते. प्रश्न ती टिकते कशी हा आहे. सम्राट १७९९मध्ये वारला. दुसरे चित्र राजसंग्रहाच्या सूचीत अस्सल म्हणून नोंदले गेले ते १८१६मध्ये, हू चिंग या अधिकाऱ्यामुळे. म्हणजे सत्तर वर्षे गेली. ज्या दरबारात रसिक आणि धनी एकच असतो, तिथे समीक्षा म्हणजे सुंदर अक्षरात उतरवलेला हुकूम, असेच मला वाटते.

ह्वांगला हे परके नसावे. कारकुनी केलेला, तुरुंग पाहिलेला, पुढे ताओपंथी झालेला हा माणूस. चित्र वूयोंग या पंथबंधूसाठी होते. १३५०च्या मजकुरात तो नोंदवतो, की कोणी युक्तीने किंवा बळजबरीने हे चित्र लाटेल अशी वूयोंगला धास्ती आहे, म्हणून त्याचे नाव आधीच घालून ठेवतो. धास्ती खरी ठरली, फक्त तऱ्हा निराळी. १६५०च्या सुमारास वू होंगयू या मालकाने मरताना चित्र आगीत टाकायला लावले. पुतण्याने ते ओढून काढले, पण दोन तुकडे झाले. लहान तुकडा आज हांगचौमध्ये आहे.

मोठा तैपेईत आहे, सम्राटाची लाडकी नक्कलही तिथल्याच संग्रहालयात. अस्सल चित्रावर ‘नक्कल’ हा निर्वाळा अजून तसाच आहे, पण त्या एका लेखाखेरीज सम्राटाने त्यावर फारसे लिहिले नाही. तिथले पाणी आणि आकाश जवळजवळ कोरे राहिले.