नागलीची भाकरी आणि सातबारा

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक, लेखिका साम्यवादी म्हणून, आपण बाजूला सारावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९४५ साली तलासरी-डहाणू भागातील वारल्यांनी वेठबिगार नाकारली, त्याची ही हकिकत. येथला वारली कोणाची दया मागत नाही, न्याय मागतो. हेच पुस्तकाचे सामर्थ्य. मात्र लढ्याच्या या कथनात नागली, वरई, कंदमुळे यांविषयीचे वारल्यांचे ज्ञान मागे राहते, ही उणीव आम्हांस जाणवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसती वनजमीन आणि गौण वनोपज या दोहोंवरील हक्क मान्य केला, तो उगाच नव्हे. आज शहरात नागलीला ‘पौष्टिक’ म्हणून मान आहे. ती पिकविणाऱ्याच्या नावे जमीन झाली काय, हे विचारण्यास हे पुस्तक आपल्याला भाग पाडते.