रॅम्से-प्रमेय आणि निवडीचे गृहीतक : अध्यापनाची चिकित्सा

फ्रँक रॅम्से यांचे अनंत संचांविषयीचे प्रमेय वर्गात बहुधा असे सांगितले जाते : अनंत संचातील प्रत्येक दोन घटकांच्या जोडीला तांबडा किंवा निळा रंग दिला, तर ज्यातील सर्व जोड्या एकाच रंगाच्या आहेत असा अनंत उपसंच त्यात असतोच. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधात मात्र निवडीचे तत्त्व गृहीत धरल्याचे प्रमेयाच्या विधानातच नमूद आहे. फळ्यावर येईपर्यंत ही अट गळून पडते.

गणनीय संचापुरते हे क्षम्य आहे. तेथे घटकांना क्रमांक असल्याने प्रत्येक पायरीवर सर्वांत लहान क्रमांकाचा योग्य घटक घेता येतो. निवड नियमानेच होते. क्रमांक नसलेल्या संचात मात्र 'कोणताही एक घटक घ्या, उरलेल्यांतून दुसरा घ्या आणि याप्रमाणे पुढे' असे म्हटले जाते. 'याप्रमाणे पुढे' या दोन शब्दांतच सारे गृहीतक दडलेले असते. पाच हजार निवडी विगमनाने सिद्ध होतात. परंतु प्रत्येक सांत संख्येइतक्या निवडी शक्य आहेत, एवढ्यावरून अनंत निवडींचे एक फलन अस्तित्वात येत नाही.

रसेल यांचा बूट-मोज्यांचा प्रसिद्ध दृष्टांत मानपाड्याच्या वर्गातही तितकाच चालेल. बुटांच्या अनंत जोडांतून 'डावा बूट' या नियमाने एकेक काढता येतो. मोज्यांना डावे-उजवे नसते. आता एकाच जोडातील दोन मोज्यांना तांबडा आणि भिन्न जोडांतील कोणत्याही दोन मोज्यांना निळा रंग द्यावा. तांबड्या उपसंचात दोहोंहून अधिक मोजे मावत नाहीत. अनंत निळा उपसंच मिळाला, तर अनंत जोडांतून एकेक मोजा निवडला गेलाच! अशी निवड जेथे नाही, तेथे प्रमेयही खरे नाही. हा केवळ कल्पनाविलास नव्हे. फ्रेंकेल यांनी १९२२ मध्ये, संच नसलेले मूलघटक मान्य करून, अशी रचना दिली. कोहेन यांच्या १९६३ च्या पद्धतीने ती मूलघटकांवाचूनही साधली.

याउलट, हे प्रमेय म्हणजे निवडीचे गृहीतकच, असे मानणेही चूक ठरेल. प्रमेय मान्य केले तरी त्यातून संपूर्ण गृहीतक निघत नाही. आंद्रेआस ब्लास यांनी १९७७ मध्ये या दोहोंमधील अंतराचा सविस्तर विचार केला आहे.

बहुतेक गणिती हे गृहीतक मानतात, मग उल्लेख कशाला, हा आक्षेप सिद्धता वापरणाऱ्याला शोभतो, शिकविणाऱ्याला नाही. ज्या विद्यार्थ्याला 'याप्रमाणे पुढे' खटकते, त्याची शंका रास्त असते. अट लपविलेल्या पाठात त्याच्यावरच मंदबुद्धीचा शिक्का बसतो.