‘हीरोज’चे दुसरे पर्व आणि न फुटलेली कुपी

माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे खरे का? शाळांतून व्याख्यानाला गेलो की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. हा समज तसा जुनाच. पण काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने तो कुठे ऐकला ते नेमके सांगितले : ‘हीरोज’ नावाच्या अमेरिकन मालिकेत, आणि तोही एका भारतीय शास्त्रज्ञाच्या तोंडून. उत्सुकतेपोटी आम्ही ती मालिका मिळवून पाहिली. दुसऱ्या पर्वापर्यंत पोचलो तेव्हा लिहिण्यासारखे बरेच हाती लागले होते.

एनबीसी वाहिनीवर २००६ च्या सप्टेंबरात ही मालिका सुरू झाली. जगभर विखुरलेल्या साध्यासुध्या माणसांना एकेक अचाट शक्ती लाभते. कुणी उडतो, कुणी काळ थांबवतो, कुणाच्या जखमा पाहता पाहता भरून येतात. या साऱ्याचा उलगडा करू पाहणारा मोहिंदर सुरेश हा मद्रासचा जनुकशास्त्रज्ञ. (नावाचा पूर्वार्ध पंजाबी आणि उत्तरार्ध दाक्षिणात्य! ते असो.) त्याच्या मते ही उत्क्रांतीची पुढची पायरी आहे. पहिल्याच भागात तो वर्गात सांगतो, की उत्क्रांतीचे शिखर माणूस नव्हे, झुरळ आहे. विद्यार्थ्यांचा अहंकार उतरवायला वाक्य छान, पण उत्क्रांतीला शिखर असते ही चूक तशीच राहते. माणसाला खाली उतरवून तिथे झुरळ बसवले, एवढेच. दहा टक्के मेंदूचे म्हणाल, तर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असणारा हा अवयव विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खर्च करतो. नव्वद टक्के भाग नुसताच पडून असता, तर एवढी महाग चैन नैसर्गिक निवडीने चालू दिली नसती.

पहिले पर्व लोकांनी डोक्यावर घेतले. दुसरे २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाले आणि प्रेक्षकांत दोन तट पडले. कथा हलेना. हिरो हा जपानी तरुण सतराव्या शतकातल्या जपानात जाऊन पडला तो कित्येक भाग तिथेच रेंगाळला. माया आणि अलेहान्द्रो ही नवी जुळी भावंडे कुणाला आपली वाटेनात. क्लेअरचे प्रेमप्रकरण अनेकांना कंटाळवाणे झाले. मालिकेचे जनक टिम क्रिंग यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एन्टरटेनमेंट वीकली’ला मुलाखत देऊन यांतल्या बहुतेक चुका मान्य केल्या. निर्मात्याने पर्व चालू असताना अशी कबुली देणे विरळाच. त्याच महिन्यात हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि चोवीस भागांचे ठरलेले पर्व ३ डिसेंबरला अकरा भागांतच आटोपले. दुसरीकडे, उत्तरार्धात मालिकेला सूर सापडला असे मानणारेही पुष्कळ होते. आम्हीही त्यांच्यातलेच, मात्र आमचे कारण थोडे वेगळे आहे.

या पर्वाला ‘पिढ्या’ असे नाव होते. शक्ती असलेल्यांच्या आईबापांची पिढी आणि त्यांनी केलेली पापे यांची ही कथा. म्हणजे विषय आनुवंशिकतेचा. आता मालिकेतली आनुवंशिकता पाहा. बाप उडतो, त्याच्या मुलीच्या जखमा आपोआप भरतात. आईच्या अंगी अफाट बळ, वडील भिंतीतून आरपार जातात, आणि मुलगा यंत्रांशी बोलतो. मेंडेलने उंच आणि बुटके वाटाणे लावावेत आणि तिसऱ्या पिढीला मोगरा फुलावा, तशातली ही गत. ‘शक्ती असणे’ तेवढे वारशाने येते, कोणती ते लेखकाच्या मर्जीवर. अपवाद एकच : दुसऱ्यांच्या मनातले ऐकणारा पोलीस मॅट पार्कमन आणि त्याचे वडील मॉरी. वडील तीच शक्ती वापरून लोकांना दुःस्वप्नांत कोंडतात, आणि आपण बापासारखे होऊ या भीतीने मुलगा पछाडलेला. या पर्वात आम्हाला सर्वांत खरे वाटलेले प्रसंग नेमके हेच आहेत. मुलाला बापाचे खरोखर काही मिळाले, म्हणून तिथे नाट्यही मिळाले.

आता विषाणूकडे वळू. मोहिंदरच्या बालपणीच वारलेल्या बहिणीवरून त्याचे नाव ‘शांती’. आधी तो फक्त शक्ती असलेल्यांना गाठतो. मोहिंदरच्या रक्तात त्यावरची प्रतिपिंडे आहेत, त्यांनी तो हैतीत एका रुग्णाला बरे करतो. इथवर मालिकेचे फारसे चुकत नाही. एकाच्या रक्तातली प्रतिपिंडे दुसऱ्याला वाचवू शकतात, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होत आले ते याच तत्त्वावर (आपण सवयीने तिला लस म्हणतो, पण ती लस नव्हे). पुढे विषाणू बदलतो आणि मोहिंदरचे रक्त निकामी ठरते. हेही पटण्यासारखे आहे. वर्गात उत्परिवर्तन शिकवायला हा प्रसंग बेधडक वापरावा.

गाडी रुळावरून घसरते ती ९३ या आकड्यापाशी. पीटर भविष्यात जातो, तर न्यूयॉर्क ओस पडलेले. विषाणूच्या एका वाणाने जगातली ९३ टक्के माणसे मारली आहेत. आम्ही २००७ नंतर हा भाग पुन्हा पाहिला तो २०२० मध्ये, खऱ्या न्यूयॉर्कचे ओस रस्ते बातम्यांत दिसत होते तेव्हा. फरक लगेच जाणवला. कोविडचा विषाणू जगभर पसरला, कारण बहुतेक रुग्ण वाचत होते आणि अनेक जण लक्षणे नसताना चालतेफिरते राहून तो दुसऱ्यांना देत होते. जो विषाणू यजमानाला झटपट मारतो, तो आपल्या प्रवासाची वाटही तोडतो.

याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. सशांचा सुळसुळाट आवरायला तिथे १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरांतले नव्व्याण्णवांहून अधिक ससे मरत. फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे नमुने तपासले तेव्हा दिसले, की थोड्याच वर्षांत किंचित सौम्य वाणांची सरशी झाली. हा विषाणू मुख्यतः डासांवाटे पसरे. ससा जितके अधिक दिवस आजारी राहून जगे, तितके अधिक डास त्याला चावत. इकडे सशांतही प्रतिकार करणाऱ्यांची वंशावळ वाढत गेली. मग विषाणू पुन्हा तिखट होऊ लागला. म्हणजे रोग नेहमी सौम्यच होत जातो, असेही समजू नये. पुढे याच फेनर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जगातून देवी गेल्याची खात्री करून दिली आणि १९८० मध्ये तशी घोषणा झाली. उत्क्रांती घडते ती अशी, लाखो सशांच्या समूहात, पिढी दर पिढी. मालिकेत ती एका माणसाला मंगळवारी सकाळी घडते.

समूह नसणे हेच या पर्वाचे दुखणे आहे, असे आमचे मत झाले आहे. लेखकांना जग मरताना दाखवायचे आहे, पण जग कुठे दिसतच नाही. दिसतात ती ओळखीची डझनभर माणसे. पीटर आपल्या मैत्रिणीला, केटलिनला, त्या मेलेल्या भविष्यात सोडून येतो आणि मालिका तिला पुढे विसरूनच जाते. प्रेक्षकांना याचा राग आला, तो रास्तच होता. ९३ टक्क्यांचा हिशेब मांडणाऱ्यांना एक मुलगी सांभाळता आली नाही.

शेवटच्या भागात विषाणूची कुपी हातातून निसटते आणि पीटर ती जमिनीवर पडण्याआधी झेलतो. मूळ बेत वेगळा होता : कुपी फुटणार होती आणि टेक्ससमधल्या ओडेसा गावात साथ सुरू होणार होती. संपामुळे शेवट बदलला. आधीचा शेवट नंतर डीव्हीडीवर आला. आम्ही हे दोन्ही शेवट अकरावीच्या एका वर्गाला दाखवले. बहुतेकांना फुटलेली कुपी आवडली. ‘मग पुढे काय झाले असते?’ यावर वर्गात गलका झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, ९३ टक्के मेले, पण उरलेले सात का वाचले? आणि त्यांच्या मुलांचे काय?’ अकरा भागांत मोहिंदर सुरेशला हा प्रश्न एकदाही पडलेला नाही. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही फळ्यावर ससे काढण्यात घालवला.