अरुण कोलटकर आणि ‘अष्टपैलू’ हा शब्द

एखाद्याने कविता लिहिली, चित्र काढले आणि वाद्यही हाती धरले, की त्याच्यासाठी मराठी समीक्षेत एक विशेषण तयारच असते : अष्टपैलू. ते उच्चारले की टीकाकार मोकळा होतो. पैलूंची मोजदाद होते. एका पैलूवर पडलेला प्रकाश दुसऱ्यातून कसा बाहेर पडला, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अरुण कोलटकरांच्या वाट्याला हेच कौतुक पुष्कळदा आले आणि त्यामुळे त्यांच्या कवितेचे थोडे नुकसानच झाले, असे आमचे मत आहे.

कोलटकर जन्माने कोल्हापूरचे, शिक्षणाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे. उपजीविका जाहिरातींच्या कलेवर, आणि त्या व्यवसायात त्यांचे नाव मोठे. पुढे अर्जुन शेजवळांपाशी ते पखवाज शिकले. आता या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडून ‘केवढी प्रतिभा!’ म्हणणे सोपे आहे. प्रश्न असा, की जाहिरातकाराने कवीला काय दिले?

‘जेजुरी’ हे इंग्रजी काव्य १९७६ साली पुस्तकरूपाने आले आणि १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच्या अखेरीकडे, देऊळगाव आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या जोंधळ्याच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात. आणि तेथे शब्द ओळीत उभे राहण्याचे नाकारून पानभर वर-खाली उड्या मारू लागतात. पुष्कळांनी याला मुद्रणाची गंमत म्हटले. आम्हास ते पटत नाही. या काव्यातला यात्रेकरू आरंभापासून सावध आहे. देवळात तो हात जोडत नाही, पुजाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. त्याचे प्रत्येक वाक्य कोरडे, तिरकस आणि पूर्ण असते. असा मनुष्य प्रथमच खऱ्या अर्थाने थक्क होतो तो या शेताशी, आणि तेथे त्याचे वाक्य मोडते. जेथे कवीचा उपरोध अपुरा पडला तेथे चित्रकाराने पान हाती घेतले. हे दोन्ही उद्योग एकाच माणसाचे नसते, तर ते स्थळ केवळ वर्णन होऊन राहिले असते.

जाहिरातीचे दुसरे ऋण काटकसरीचे. थोड्या जागेत, एका दृष्टिक्षेपात माल पटवायचा, ही त्या धंद्याची शिस्त. कोलटकरांच्या कवितेत वस्तू आधी दिसते, मत मागाहून येते, पुष्कळदा येतच नाही. (कचेरीतील टिपणलेखनाने कोणाची कविता अशी सुधारल्याचे मात्र अद्याप आमच्या ऐकिवात नाही.)

पखवाजाचे देणे इतके उघड नाही. ‘चिरीमिरी’तील बळवंतबुवांच्या कविता मोठ्याने वाचून पाहाव्यात. छंद नाही, यमकाचा आग्रह नाही; बोलणाऱ्या माणसाचा सूर आहे, तो भरकटतो, फाटा फोडतो, आणि आता हा हरवला असे वाटत असतानाच नेमक्या ठिकाणी समेवर येतो. भजनाला साथ करणारा वादक गाणाऱ्याला मोकळे सोडतो, पण सम विसरत नाही. आमच्या मते या कवितांची खरी लय वृत्तांत नसून त्या साथीत आहे.

असे मिश्रण आमच्या येथील शेजारातही पाहावयास मिळते. मनीमाजऱ्याहून निघून सुखना तलावाच्या पलीकडे गेले की ल कॉर्ब्युझिएने रचलेले कॅपिटॉल संकुल लागते. हा वास्तुकार चित्रकारही होता आणि लेखकही. विधानसभेच्या मुलामा दिलेल्या भव्य दारावरील चित्रे त्याचीच. परंतु आम्हास तेथे अधिक मोलाच्या वाटतात त्या सचिवालयाच्या काचा. त्यांच्यामधील उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या समान अंतरावर नाहीत. कोठे दाट, कोठे विरळ. ही योजना कॉर्ब्युझिएच्या पॅरिस येथील कार्यालयात काम करणाऱ्या यानिस झेनाकिसची, आणि झेनाकिस हा संगीतकार होता. त्याने भिंतीवर वीणा रंगवली नाही. खिडक्यांची अंतरे तालात बसवली. मंडळाच्या गणेशोत्सवात कवितेमागे पेटीचे सूर धरणाऱ्या आणि पडद्यावर सूर्यास्त रंगवणाऱ्या आमच्या मित्रांनी हा भेद जरूर पाहावा. तीन कला एका व्यासपीठावर बसल्या म्हणून त्यांची परस्परांशी ओळख झाली असे होत नाही.

कोलटकरांच्या हातूनही दर वेळी ती झाली नाही. त्यांनी काही इंग्रजी गाणी रचली होती. ‘द बोटराइड’ या २००९ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी निघालेल्या संग्रहात त्यांचे शब्द वाचावयास मिळतात. चालीवाचून ते शब्द पोरके दिसतात. तेथे संगीत उघडपणे आले आणि कविता त्याच्या आधाराने चालू लागली. ‘चिरीमिरी’त ते लपून आले. जाणकारांनी त्या गाण्यांचे पुष्कळ कौतुक केले आहे. आम्ही ती दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा पुन्हा बळवंतबुवांकडे वळलो.